बिनपिसाऱ्याचा मोर

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, मांसमच्छी खातो का हेही विचारलं नाही. नव्वदीच्या मध्यावर सातपूरला हे तीन प्रश्न न विचारणारा घरमालक भेटतो म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"काही वाजवता येतं का?"

"नाही."

"गाता?"

"नाही."

"कुणी बेसूर गायलं तर कळतं?"

शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजी मला नुसते ओठ हलवायला सांगायचे, हे मी खरं ते सांगून टाकलं. मालकांचा चेहरा असा खुलला की जणू घरातल्या मुलीला स्थळ मिळालं. "उत्तम! खोली तुमची. उद्या सामान आणा."

मी तेव्हा अंबडच्या एका कंपनीत स्टोअरला नुकताच लागलो होतो. बेसूरपणामुळे आयुष्यात माझा फायदा झाला तो तेवढा एकदाच.

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन रिक्षातून उतरलो. रिक्षावाल्याने कुंपणाच्या आत नजर टाकली आणि विचारलं, "इथं बँडवाल्यांच्या गाडीला आक्सिडेंट झालता का?" प्रश्न रास्त होता. अंगणात एका पायावर एक बगळा उभा होता. त्याची मान सतारीच्या दांडीची, पोट डग्ग्याचं आणि पंख सायकलच्या मडगार्डचे. पेरूखाली एक ढेरपोट्या गृहस्थ होता. ढोलाचं पोट, तोंडाच्या जागी ट्रंपेटचा भोंगा, डोक्यावर कुकरचं झाकण. त्याला कान नव्हते. त्याचं नाव 'प्रॉडक्शन मॅनेजर' आहे असं मला सांगण्यात आलं. पुढे एक कासव, दोन माकडं आणि ड्रमच्या काड्यांचे पाय असलेला एक नाकतोडा. तबल्याच्या वाद्या, एकतारीचे भोपळे, टाळ, मोटारसायकलच्या चेनी असं सगळं पायाखाली पसरलेलं. त्यातून वाट काढत मी माझी गादी वर नेली.

मालकांना सगळी कॉलनी काका म्हणायची, मीही म्हणू लागलो. काकांनी उभी हयात सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. केसाएवढी चीर दिसली की अख्खा ट्रक फाटकातून परत. साहेबाच्या साडूचा माल असला तर दोन ट्रक परत. कंपनीने शेवटी हार-नारळ देऊन त्यांना व्हीआरएस दिली आणि असं म्हणतात, की त्या दिवशी कॅन्टीनमध्ये जिलबी वाटली गेली. निरोपाच्या भाषणात मॅनेजर म्हणाले, "यांची उणीव कायम भासेल." काका खाली बसून कुजबुजले, "उणीव किती मायक्रॉनची?"

निवृत्तीनंतरही त्यांचा निळा युनिफॉर्मचा शर्ट सुटला नाही आणि खिशातला व्हर्नियर तर नाहीच. जेवायला बसले की भाकरीची जाडी मोजायचे. "कडेला अडीच, मध्ये साडेतीन. एकसारखी नाही," असा निर्णय द्यायचे. काकू तव्यावरून मान न वळवता म्हणायच्या, "पोटात गेल्यावर कोण मोजतंय? खायची तर खा, नाहीतर ट्रकमध्ये भरून परत पाठवा."

आता हा माणूस शिल्पांकडे वळला कसा, ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "आयुष्यभर रिजेक्ट केलेल्या मालाचं पुढं काय होतं ते बघायचं राहून गेलं होतं." एवढं बोलून करवत उचलायचे. समोर बनलेल्या वस्तूकडे बोट दाखवून कुणी "हे काय आहे?" असं विचारलेलं त्यांना अजिबात खपत नसे. "हे काय होतं ते विचारा," म्हणायचे. मग समोरच्याला बुलबुल तरंगापासून ते जुन्या इस्त्रीपर्यंत सगळ्या वस्तूंचं मूळ-कूळ ऐकावं लागे आणि तो माणूस पुन्हा त्या गल्लीत फिरकत नसे.

एवढी वाद्यं येत कुठून? तर लोकांच्या भक्तिभावातून. आपल्याकडे वाद्याला पाय लागला तर लगेच नमस्कार करायचा. दसऱ्याला त्याला झेंडूचं फूल वाहायचं. उरलेलं वर्षभर ते माळ्यावर, पिंपामागे, उंदरांच्या हवाली करायचं. एक दिवस घराला रंग काढायचा ठरतो आणि आजोबांचा दिलरुबा खाली येतो. वाजत नाही, विकला जात नाही. भंगारवाल्याला द्यावा तर सरस्वतीचा कोप. गोदावरीत सोडावा तर पुलावर पोलीस. अशा वेळी कुणीतरी सांगे की सातपूरला एक काका आहेत. मग स्कूटरवरून, पांढऱ्या धोतरात गुंडाळून, वाद्य येई. आणणारा डोळे पुसत म्हणे, "आमच्या अप्पांचा जीव होता हो यात." जीव असलेली वस्तू फाटकाशी ठेवून तो जो निघे तो इतक्या घाईने, की एखाद्याला वाटावं मागे अप्पाच येताहेत.

काकांचा नियम एकच होता : मेल्याशिवाय कापायचं नाही.

म्हणजे आलेलं वाद्य खरोखर गेलेलं आहे की नुसतं रुसलेलं, याची आधी तपासणी. त्यासाठीच त्यांना माझ्यासारखा भाडेकरू हवा होता. व्हरांड्यातल्या टीपॉयवर वाद्य ठेवायचं. पंखा बंद. आत काकूंना कुकर न लावण्याचा हुकूम. मी साक्षीदार म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायचं. मागे वळायचं नाही. काका छेडत, फुंकत, थापटत, आणि शेवटी विचारत, "आला की नाही?" मी "नाही" म्हटलं की वाद्याला लाल चिठ्ठी बांधली जाई, तिच्यावर 'रिजेक्ट'. मग करवत. "आला" म्हटलं, मग तो आवाज मांजरीच्या जांभईएवढा का असेना, की पिवळी चिठ्ठी, 'रीवर्क'.

"गाण्यातला माणूस का नाही बसवत?" मी एकदा विचारलं.

"तो मनातलं ऐकतो. तुमच्या मनात काही नाही, हे मी पहिल्या दिवशीच तपासून घेतलंय."

रीवर्क म्हणजे काका ते वाद्य दुरुस्त करत आणि मालकाला नेऊन देत. मालकाला ते नको असे, ही बाब तपासणीत बसत नव्हती. एका बाईंची ढोलकी त्यांनी नवी शाई लावून, स्कूटरच्या पुढे उभी करून परत नेली. बाईंनी दाराच्या फटीतून सांगितलं, "अहो, आमच्याकडे आता टू-इन-वन आहे." काका म्हणाले, "असू द्या. हीसुद्धा जिवंत आहे," आणि ढोलकी पायरीवर ठेवून आले. महिन्याभरात तीच ढोलकी रात्रीतून पुन्हा आमच्या फाटकात आली. पुढे तिच्या अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या.

मघाशी म्हटलेल्या अप्पांच्या दिलरुब्याची गोष्ट सांगायलाच हवी. तो खरोखरच गेलेला होता. मीच भिंतीकडे तोंड करून तसं सांगितलं होतं. काकांनी त्याच्यातून शेळी केली. वर्षभराने अप्पांचे चिरंजीव पाहुण्यांना घेऊन 'आमच्या अप्पांची आठवण' दाखवायला आले. आठवणीचे मागचे दोन पाय झाले होते आणि शेपटीला वाजवायच्या गजाचे उरलेसुरले केस होते. चिरंजीव हंबरडा फोडायचे तेवढे बाकी राहिले. "अहो, पंचक्रोशीत गाजलेलं वाद्य! त्याची शेळी केलीत?"

"माळ्यावर उंदीर याच्यात बाळंत होत होते तेव्हा पंचक्रोशी कुठं होती?" काकांनी शांतपणे विचारलं.

चिरंजीवांच्या सौभाग्यवती व्यवहारी होत्या. त्यांनी शेळीला प्रदक्षिणा घातली, पाहुण्यांच्या हातात कॅमेरा दिला आणि सगळं कुटुंब शेळीला टेकून उभं राहिलं. तो फोटो पुढे त्यांच्या हॉलमध्ये अप्पांच्या फोटोशेजारी लागला, असं ऐकिवात आहे.

या सगळ्या पसाऱ्यात काकूंचा निभाव कसा लागत होता हा प्रश्न कुणालाही पडेल. मला तर उलटा पडायचा. काकूंपुढे काकांचा निभाव कसा लागत होता?

काकू सटाण्याकडच्या. वडील शाळामास्तर. लग्नात त्यांनी मुलीला भांडी कमी दिली आणि एक पेटी दिली. उत्तम लाकूड, पितळी कड्या, आणि सात घड्यांचा भाता. तो उघडला की पेटीने खोल श्वास घेतल्यासारखं वाटे. काकू भजनी मंडळात गायच्या. मला गाण्यातलं काही कळत नाही हे सिद्ध झालेलंच आहे, पण काकू गायला लागल्या की कॉलनीतली शिफ्टवरून आलेली माणसं सायकल हातात धरून फाटकाशी उभी राहायची एवढं मी पाहिलं आहे. रोज सकाळी सहाला त्या पेटी काढून बसायच्या. माझा तो गजरच होता.

आणि काकांचा डोळा नेमका त्या पेटीवर होता.

त्याचं असं झालं. सिंहस्थ जवळ आला की नाशिकला सौंदर्य आठवतं. एरवी खड्डे मोजायलाही कुणाला वेळ नसतो, पण मेळ्याआधी चौकाचौकात कारंजी उगवतात. आमच्या भागातले एक पुढारी काकांकडे आले. पांढरे कपडे, मागे चारपाच माणसं.

"काका, आपल्या चौकात एक मोर पायजे. लय भारी. लोकांनी थांबून पाह्यलं पायजे."

"चौकात थांबून?"

"हां."

"मग मागून ट्रक येईल."

"तुम्ही ट्रकचं सोडा हो. मोराला चंदेरी ऑइलपेंट मारा आणि खाली आपलं नाव टाका, मोराच्या पायापेक्षा जरा मोठं."

काका सहसा कुणाचं ऐकणारे नव्हते. पण चौकात, सरकारी जागेत, आपलं काम उभं राहणार ही कल्पना त्यांना बाधली. ते मोराच्या मागे लागले. मालेगावच्या एका बँडवाल्याने डीजेचे डबे घेतले होते आणि जुनी पितळी वाद्यं पोत्यात भरून काकांना आणून दिली होती. त्यातल्या मोठ्या भोंग्याच्या वेटोळ्यांचं अंग झालं. क्लॅरोनेटची मान, वीणेच्या खुंट्यांचा तुरा, माइकच्या स्टँडचे पाय. मोर सुरेख होत होता, हे मला कबूल करावं लागेल. फक्त पिसारा राहिला.

पिसाऱ्याला हवा होता पेटीचा भाता. साधा नाही, सात घड्यांचा, पंख्यासारखा उलगडणारा. त्याच्यावर पेटीतले पितळी सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या जिभल्या, डोळ्यांसारखे बसवायचे. काकांनी भद्रकालीपासून नाशिकरोडपर्यंत वाद्यांची दुकानं पालथी घातली. तसा भाता सगळ्या शहरात त्यांना एकच सापडला, आणि तो त्यांच्याच घरात रोज सहाला वाजत होता.

एका दुपारी काकू मंडळात गेल्या होत्या. काका पेटी पुढ्यात घेऊन, भाता उघडून, व्हर्नियरने त्याची मापं घेत होते. मी बिलाचं काहीतरी विचारायला खाली आलो आणि तेवढ्यात काकूही दारात उभ्या राहिल्या. रागावल्या की त्या माहेरच्या बोलीत शिरायच्या.

"हाई काय शे?"

"काही नाही, जरा बघत होतो..."

"मापं घेतायत माझ्या पेटीची? शिंप्यासारखी? मी जित्ती शे आजून!" मग त्या जराशा सावरल्या आणि साध्या मराठीत आल्या, आणि ते जास्त भीतिदायक होतं. "नियम तुमचाच ना, मेल्याशिवाय कापायचं नाही? मग ही वाजतेय तोवर हिला हात लावायचा नाही. आणि मी रोज वाजवणार आहे."

काकांनी नियमाला मान तुकवली. नियम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मोर मात्र बिनपिसाऱ्याचा राहिला. मेळा आला, पुढाऱ्यांची गाडी दोनतीनदा येऊन गेली, आणि शेवटी त्या चौकात सिमेंटचा डॉल्फिन बसवण्यात आला, चंदेरी ऑइलपेंटमध्ये. नाशिकला समुद्र नाही ही अडचण कुणालाही जाणवली नाही. आमचा मोर अंगणात उभाच होता. येणारेजाणारे त्याला कोंबडा समजायचे. काकू म्हणायच्या, "कोंबडा म्हणून वाईट नाही." काका दुखावले जायचे आणि आशाळभूतपणे पेटीकडे बघायचे. सहा वाजता पेटी वाजली की अंगणातून त्यांचा सुस्कारा ऐकू यायचा. मला त्याची मजा वाटायची. आपल्या बायकोची वस्तू मरायची वाट बघणारा आणि तरीही रोज सकाळी ती वस्तू वाजताना ऐकायला पायरीवर येऊन बसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग काकूंच्या गळ्याला गाठ आली.

गाठ साधी निघाली, ऑपरेशन नीट झालं. आवाज जाऊ शकतो असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तो गेला. उरली ती कुजबुज, तीही मध्येच तुटणारी. काकू घरी आल्या तेव्हा भजनी मंडळातल्या बायका रोज यायच्या. मग गुरुवारी यायच्या. मग त्यांना नवी गाणारी मिळाली आणि त्यांना खूप कामं निघाली. माणसांचं असं असतं, वाद्याला निदान दसऱ्याला तरी झेंडूचं फूल मिळतं.

काकूंनी पेटीला खोळ घातली आणि ती कपाटावर ठेवून दिली. सकाळी सहाला घरात काही वाजेना. मला कंपनीत उशीर व्हायला लागला. काका अंगणात कामाला बसायचे, पण हातून काही होत नव्हतं. एका माकडाला त्यांनी तीन हात लावले आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. टोमणे मारायला समोर कुणी नव्हतं. काकू बोलायच्याच नाहीत. कुजबुजायची त्यांना लाज वाटायची. ताट वाढायच्या आणि आत जायच्या. भाकरीची जाडी मोजणंही काकांनी सोडलं होतं. त्या घरात राहायचं मला जिवावर यायला लागलं आणि दुसरी खोली बघावी असंही मनात येऊन गेलं.

पावसाळा संपल्यानंतरच्या एका रविवारी सकाळी मी आणि काका व्हरांड्यात पेपर वाचत होतो. काकू आतून पेटी घेऊन आल्या. खोळ काढलेली. त्यांनी ती टीपॉयवर ठेवली.

"तपासा," त्या कुजबुजल्या.

"काय तपासा?" काका उठून उभे राहिले.

"उंदरांनी भाता खाल्ला. मी आत वाजवून पाहिली. गेलीय ती." प्रत्येक शब्दाला त्यांना दम लागत होता. "आता तुमच्या नियमात बसते. घ्या. पिसारा करा मोराला."

"अगं पण..."

"घरात मुकं माणूस एक पुरे. दुसरं कशाला सांभाळायचं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग पंखा बंद केला. मी सवयीप्रमाणे खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसलो. समोर कॅलेंडर होतं. मागे कडी उघडल्याचा आवाज आला. भाता हलला, आणि फाटक्या कातड्यातून नुसता वारा गेला. फस्स. पट्टी दाबल्याची टक. पुन्हा फस्स, पुन्हा टक. काका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक पट्टी दाबत गेले. टक, टक, टक. सुराचा मागमूस नाही. डास गुणगुणला असता तर मी त्यालाच आवाज समजून घेतलं असतं, पण त्या दिवशी डासही नव्हता. अंगणातल्या सगळ्या प्राण्यांमध्ये मिळून इतकं मेलेलं वाद्य मी ऐकलं नव्हतं.

पहिल्या पट्टीची पुन्हा एकदा टक झाली. मग काका म्हणाले, "आला."

मी नियम मोडून मागे वळलो. ज्या माणसाने केसाएवढ्या चिरेसाठी साहेबांशी वैर घेतलं, साडूचे ट्रक परत पाठवले, तो माणूस पेटीवर हात ठेवून उभा होता आणि त्याची मान हलत होती.

"आला," ते पुन्हा म्हणाले. "बारीक आहे. पण आला. तुम्हाला आला ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला "आला की नाही" असंच विचारलं होतं. "आला ना" असं कधीच नाही.

"आला," मी म्हटलं.

काकूंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोणता सूर?"

आम्ही दोघं पकडले गेलो. परीक्षेला बसलेल्या मठ्ठ पोरांसारखे एकमेकांकडे बघत राहिलो. मला एकाही सुराचं नाव धड आठवेना. शेवटी काका म्हणाले, "ते खातं तुझं. आम्ही फक्त आला की नाही एवढंच बघतो."

"दोघंही ठार बहिरे झालात," काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मोरीतला नळ बराच वेळ वाहत होता.

काकांनी खिशातून पिवळी चिठ्ठी काढून पेटीच्या कडीला बांधली. गाठ त्यांना जमेना, मी मारून दिली. त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांच्याही होतं, पण ते त्यांनी चष्म्यावर घेतलं आणि चष्मा पुसत बसले.

मग सुरू झालं रीवर्क. नवं कातडं आलं, कागद आला, डिंक आला. सूर घासून, पुसून, बसवून झाले. भद्रकालीतला पेटी दुरुस्त करणारा म्हणाला, "काका, यापेक्षा नवी घ्या, स्वस्तात पडेल." त्याला त्यांनी असं काही झापलं की त्याने पुढचं काम मुकाट्याने केलं. हिवाळा सरता सरता पेटीतून पहिला खराखुरा आवाज निघाला. मला वाटलं, संपलं. पेटी काकूंना परत, नियमाप्रमाणे. पण काकू तिला हात लावीनात. पेटी समोर ठेवली की तोंड फिरवायच्या. "मी काय करू तिचं? गाणं कुठं आहे?"

काकांनी मात्र आपली तंगडी वरच ठेवली, त्यांनी लगेच कारखान्याचा दुसरा नियम काढला. दुरुस्त केलेला माल चालवून बघावा लागतो. एक दिवस नव्हे, रोज. कोण चालवणार? जबाबदार इन्स्पेक्टर.

तर काका पेटी वाजवायला लागले.

ती वाजवणं कसं होतं हे मला सांगता येणार नाही, कारण मी त्यातला अधिकारी नाही. पण माझ्यासारख्यालाही चुकतंय हे कळायला लागलं, यावरून कल्पना यावी. काकू जो अभंग नेहमी म्हणायच्या त्याची पहिली ओळ, रोज सहाला. दुसरी ओळ नाही. पहिलीच, आणि तिच्यात एकाच जागी तीच चूक. समोरच्या घरातल्यांनी खिडकी बंद करून घेतली. कोपऱ्यावरच्या कुत्र्याने जागा बदलली. कॉलनीच्या मीटिंगमध्ये पाण्याचा विषय मागे पडून काकांच्या पेटीचा आला. काका तिथे जाऊन सांगून आले, "टेस्टिंग चालू आहे. सहकार्य करा."

काकू स्वयंपाकघरात ऐकत असायच्या. आधी नुसत्या कपाळाला हात लावायच्या. मग पोळपाटावर लाटणं आपटून चूक दाखवायला लागल्या. काका म्हणायचे, "काय झालं?" लाटणं पुन्हा आपटायचं. "कुठली पट्टी? शेजारची का?" पुन्हा लाटणं. महिनोन् महिने हा कारभार चालला. या वयात एखाद्या माणसाला एका पट्टीवरून बोट उचलून शेजारच्या पट्टीवर ठेवता येऊ नये याचं मला नवल वाटायचं. शेवटी मी विचारलंच, "काका, मुद्दाम चुकता का हो?"

ते भयंकर रागावले. "मी मुद्दाम चुकीन? चुकणं मला मान्य आहे असं वाटतं तुम्हाला? जमत नाही मला!" ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढे माझं लग्न झालं आणि मी नाशिकरोडला राहायला गेलो. काकांना भेटायचं ठरवून राहून जायचं, आपलं सगळ्यांचं असतं तसं. मग एकदा सातपूरला सकाळचं काम निघालं, त्याआधी सहाच्या सुमारास त्यांच्या घरावरून गेलो. अंगणातल्या प्राण्यांवर गंज चढला होता. पेरूच्या झाडाने प्रॉडक्शन मॅनेजरच्या भोंग्यात फांदी घातली होती. मोर तसाच होता.

आत पेटी चालू होती. तीच ओळ. चुकीची जागा आली आणि काकांनी ठरल्याप्रमाणे ती चुकवली. मी लाटण्याची वाट बघत फाटकाशी थांबलो.

लाटणं आपटलं नाही. "अहो, असं नाही हो," असा एक घोगरा, चिरका आवाज आला. "असं." आणि त्या आवाजाने ती ओळ म्हणून दाखवली. मध्ये दोनदा फाटला. शेवटची अक्षरं पोचलीच नाहीत. मागे त्या गायच्या तेव्हा सायकली थांबायच्या, आता थांबलो होतो तो मी एकटाच. मला फाटक उघडवेना.

मग काकांनी भाता ओढला, पुन्हा तीच पट्टी चुकीची दाबली, आणि काकूंना पुन्हा गाऊन दाखवावं लागलं.